लॅपटॉपची डिस्क बदलताना वॉरंटी कशी राहते

लॅपटॉप घेऊन वर्ष होत आले, तो मंद चालू लागला किंवा त्यातली जागा भरली, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे माणसाला दोन सल्ले मिळतात. पहिला ओळखीच्या दुकानदाराचा. तो म्हणतो, "डिस्क बदला, एस.एस.डी. टाका, नव्यासारखा पळेल." दुसरा घरातल्या शहाण्या माणसाचा. तो म्हणतो, "वॉरंटी आहे तोवर हात लावू नका. एक स्क्रू काढला की वॉरंटी गेली." दोघेही प्रामाणिक असतात. पहिल्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे ठरते. दुसऱ्याचे अर्धेच खरे असते, आणि या अर्ध्या सत्यापायी पुष्कळ माणसे वर्ष-दोन वर्षे मंद यंत्रापुढे बसून काढतात. किंवा भीतभीत, चोरून, कोणाकडून तरी यंत्र उघडवून घेतात आणि मग खरोखरच वॉरंटी घालवून बसतात. आज आपणांस या दुसऱ्या सल्ल्याची छाननी करावयाची आहे.

प्रथम बदलावयाची वस्तू कोणती ते पाहू. हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीची दूरची बहीण. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत असत. वजन सुमारे टनभर, आणि मावत काय, तर पन्नास लाख अक्षरे. आज तीच कल्पना तळहाताएवढ्या डबीत बसली आहे. लॅपटॉपातील साधारण डिस्क मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास नव्वद. हवी ती नोंद वाचावयाची तर वाचणारी सुई त्या वर्तुळावर न्यावी लागते, आणि तबकडीचा तो भाग फिरत फिरत सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. ही थांबण्याची क्रिया सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याची. पण लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो नोंदी वाचावयाच्या असतात. सेकंदास फार तर शंभरएक नोंदी मिळणार, मग चहा होईपर्यंत पडद्यावर चक्र फिरत राहिले तर नवल नाही. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नसते. विद्युतभार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांत अक्षरे राहतात, आणि कोणत्याही कप्प्याशी जावयास सारखाच, नगण्य वेळ लागतो. म्हणून दुकानदार म्हणतो ते खरे. शिवाय एटापल्लीच्या रस्त्याने मोटारसायकलवर पाठीशी लॅपटॉप बांधून हिंडणाऱ्या माणसाला तबकडी नसण्याचे सुख वेगळे सांगावयास नको.

आज बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत मुळातच एस.एस.डी. असते. तेथे वेगाचा प्रश्न उरत नाही, जागेचा उरतो: २५६ जीबी भरले, आता ५१२ किंवा एक टीबी हवे. वॉरंटीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच.

आता वॉरंटी. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि त्याच्याबरोबर एक धाकही घेतला. वस्तुतः वॉरंटी म्हणजे कंपनीने ग्राहकास लिहून दिलेले वचन होय: अमुक काळात मालातल्या किंवा बांधणीतल्या दोषामुळे यंत्र बिघडले तर आम्ही ते विनामूल्य नीट करून देऊ. वचनाला अटी असतात, आणि त्या छापलेल्या असतात. घरातला शहाणा माणूस हा कागद सहसा वाचत नाही, हीच सारी अडचण आहे. त्या कागदात दोन प्रकारची वाक्ये येऊ शकतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला प्रकार असा: ग्राहकाने किंवा परक्या कारागिराने केलेल्या फेरफारामुळे जी हानी होईल ती आम्ही भरून देणार नाही. दुसरा प्रकार असा: फेरफार केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द. पहिल्या वाक्यात कारण आणि हानी यांची गाठ घातलेली आहे. आपण डिस्क बदलताना केबल तोडली तर केबल आपल्या माथी. पण सहा महिन्यांनी पडद्यावर उभी रेघ आली तर ती कंपनीच्या माथी. दुसऱ्या वाक्यात गाठ नाही, नुसता दंड आहे.

मोठ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांचा व्यवहार पहिल्या प्रकारचा आहे. डेलची आपल्या यंत्रांविषयीची पुस्तिका कंपनीच्याच संकेतस्थळावर मिळते. तीत डिस्क कशी काढावी आणि कशी घालावी हे चित्रांसह दाखविलेले असते. लेनोव्हो आपल्या अनेक मॉडेलांत कोणते भाग ग्राहकाने स्वतः बदलावयाचे याची यादीच देते, आणि कित्येक मॉडेलांत डिस्क त्या यादीत असते. एच.पी.चीही ग्राहकाने स्वतः बसवावयाच्या भागांची पद्धत आहे. ज्या मॉडेलाची डिस्क बिघडल्यास कंपनी नवी डिस्क पोस्टाने पाठवून "तुम्हीच बसवा" म्हणते, त्या मॉडेलाचे झाकण उघडले म्हणून तीच कंपनी रागावणार कशी?

तरी एका कंपनीचे सारे लॅपटॉप सारखे मानू नयेत. कित्येक स्वस्त यंत्रांत साठवणीची चीप मुख्य पाटीवरच डाखलेली असते. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुक एअरमध्येही साठवण अशीच पाटीवर असते. तेथे बदलण्यासारखी वस्तूच नाही. अशा यंत्राला बाहेरून जोडावयाची डिस्क घ्यावी आणि आतला विचार सोडून द्यावा. चीप उखडून दुसरी डाखून देतो म्हणणारे कारागीर शहरांत आहेत. वॉरंटी चालू असताना त्यांच्या दारी जाऊ नये, असे आमचे मत आहे.

काही लॅपटॉपांच्या एखाद्या स्क्रूवर नखाएवढे लेबल चिकटविलेले असते आणि त्यावर ते फाटल्यास वॉरंटी बाद होईल असे छापलेले असते. या लेबलाचा दरारा वॉरंटीच्या कागदाहून मोठा! अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला, त्याने वॉरंटीसाठी ग्राहकाला कंपनीच्याच भागांना किंवा कंपनीच्याच कारागिराला बांधून घालण्यास मनाई केली. आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना अशा लेबलांबद्दल व तत्सम अटींबद्दल ताकीद देणारी पत्रे धाडली. तो कायदा आपल्याकडे चालत नाही. परंतु आपल्याकडेही हा विचार पोचला आहे, आणि तो मोटारींच्या वाटेने आला. एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल त्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सांगितला. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली; तो भाग वेगळा. आपल्या कामाचे आहे ते आयोगाने वॉरंटीविषयी सांगितलेले: बाहेरच्या कारागिराकडे गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरती ती नाकारता येईल. निर्णय मोटारींचा आहे, लॅपटॉपवर तो आपोआप लागू होत नाही. पण वर सांगितलेली कारण आणि हानी यांची गाठ म्हणजे नेमकी हीच. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही उघडले; तेथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या दुरुस्तीच्या व वॉरंटीच्या अटी एके ठिकाणी मिळाव्यात असा हेतू आहे.

मग करावयाचे काय? आमच्या मते सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक पत्र. यंत्र उघडण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहकसेवेला ई-मेल लिहावा: मॉडेल अमुक, अनुक्रमांक अमुक, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत, मला डिस्क स्वतः बदलावयाची आहे, याने उरलेल्या यंत्राच्या वॉरंटीस बाधा येते का? फोनवर विचारू नये. फोनवर जो "चालेल हो" म्हणतो तो पुढे सापडत नाही. उत्तर आले की ते छापून बिलाबरोबर ठेवावे. उत्तर "चालणार नाही" असे आले, तर निदान रेघ कोठे आहे ते कळले; मग अधिकृत सेवाकेंद्रातून डिस्क बसवून घ्यावी आणि पावतीवर "डिस्क बदलली" हे शब्द व नव्या डिस्कचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा.

हे सांगणे सोपे आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडे अधिक. आणि भामरागडचा माणूस गडचिरोलीपासूनच दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याचा रस्ताच बंद होतो. अशा माणसाला "जवळच्या सेवाकेंद्रास भेट द्या" हे वाक्य थट्टेसारखे वाटत असेल. म्हणून आपल्या जिल्ह्यांत लॅपटॉप घेतानाच दोन प्रश्न विचारावेत. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र नेऊन देण्याची? घरी येण्याची असेल तर आमच्या पिनकोडाला लागू आहे का? दुकानदाराने मान डोलावली तर बिलावर लिहून मागावे. आणि पुढेमागे डिस्क वाढविणारच असाल तर खरेदीच्या वेळीच मोठी डिस्क घातलेले यंत्र घ्यावे. फरक हजार-दोन हजारांहून अधिक पडला तरी नागपूरच्या दोन खेपांपेक्षा तो परवडतो.

कंपनीने विनाकारण वॉरंटी नाकारलीच तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कंपनीची कचेरी बंगळुरास असली तरी सिरोंचाच्या ग्राहकाने बंगळुरास जावयाचे कारण नाही. गडचिरोलीचा आयोग त्याचा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यतेला फोन करून पाहावा. पुष्कळ भांडणे तेथेच मिटतात. पण आयोगापुढे कागद बोलतो. म्हणून वरचे पत्र.

येथवर यंत्राच्या वचनाबद्दल बोललो. आता ज्या गोष्टीचे वचन कोणीच दिलेले नाही तिच्याकडे वळू. वॉरंटीचा कागद शेवटपर्यंत वाचला तर त्यात बहुधा एक वाक्य सापडते: डिस्कमधील माहितीची जबाबदारी आमची नाही. वॉरंटीत डिस्क बिघडली तर कंपनी नवी, कोरी डिस्क देते आणि जुनी परत घेते. वचन पाळले गेले, माहिती गेली. जुनी डिस्क आपल्याकडे ठेवण्याची सोय काही कंपन्या देतात, पण ती जादा पैसे भरून आधी घ्यावी लागते.

माहिती म्हणजे काय, हे आपल्या भागात विशेष समजून घ्यावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांत कित्येक ग्रामसभा बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यांचे मजुरीचे हिशेब, जंगलाच्या हद्दीचे नकाशे आता वहीबरोबर संगणकातही येऊ लागले आहेत. गोंडवाना विद्यापीठाचा संशोधक गावोगाव फिरून गोंडी-माडिया शब्द ध्वनिमुद्रित करतो, आरोग्यसेविका घरोघरच्या नोंदी भरते. लॅपटॉपची किंमत चाळीस हजार. त्यातल्या दोन हंगामांच्या हिशेबाची किंमत कोण करणार? वॉरंटी गेली तर फार तर चाळीस हजार गेले. ज्या माणसाला वॉरंटीची चिंता आहे पण माहितीची दुसरी प्रत नाही, त्याची चिंता चुकीच्या जागी बसली आहे.

म्हणून डिस्क बदलण्याच्या कामात पहिला दिवस स्क्रू-ड्रायव्हरचा नसतो, प्रतीचा असतो. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर त्या उघडून पाहाव्यात. नुसती नावे दिसली म्हणजे प्रत झाली असे नाही. मग सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर करावी. नवी डिस्क यू.एस.बी.च्या डबीत घालून बाहेरून जोडता येते. नकलेसाठी क्लोनझिलासारखी विनामूल्य साधने आहेत, आणि डिस्कचे काही उत्पादक स्वतःचेही देतात. येथे एक खड्डा आहे. हल्लीच्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद असते. बिटलॉकर असे त्या कुलपाचे नाव. फेरफार झाला की यंत्र अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचा परवाना मात्र डिस्कबरोबर जात नाही. कंपनीने घालून दिलेल्या विंडोजची ओळख मुख्य पाटीशी बांधलेली असते, म्हणून डिस्क बदलल्यावर तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

डिस्कची जात नीट पाहून घ्यावी. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा डिस्क. तिची जाडी ७ मि.मी. की ९.५, हे बघावे लागते. नव्या यंत्रांत एम-टू नावाची पट्टी. तिच्यावरील २२८० म्हणजे २२ मि.मी. रुंद आणि ८० मि.मी. लांब. दिसायला सारख्या दोन पट्ट्यांत एक साटा आणि एक एन.व्ही.एम.ई. असू शकते, आणि एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. मॉडेलची पुस्तिका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही यंत्रांत दुसरी जागा रिकामीच असते. तेथे जुनीला हात न लावता नवी शेजारी बसविता येते, आणि वॉरंटीच्या दृष्टीने याहून सुरक्षित मार्ग नाही.

नव्या डिस्कला स्वतःची वॉरंटी असते, ती लॅपटॉपच्या वॉरंटीहून निराळी. ती वर्षांत मोजतात आणि लिहिलेल्या माहितीतही. यांतले जे आधी भरेल ते. पाचशे जीबीच्या चांगल्या ड्राइव्हवर पाच वर्षे किंवा ३०० टीबी लेखन असे असते. रोज वीस जीबी लिहिले तर ३०० टीबी भरण्यास १५,००० दिवस लागतील, म्हणजे एक्केचाळीस वर्षे! तेव्हा दुसऱ्या आकड्याची धास्ती घेऊ नये. धास्ती घ्यावी ती बिलाशिवाय मिळणाऱ्या स्वस्त मालाची. अनुक्रमांक लिहिलेले जी.एस.टी. बिल नसेल तर वॉरंटीचा दावा कशाच्या आधारे करणार?

प्रत्यक्ष उघडण्याविषयी थोडेच सांगतो, कारण पुस्तिकेत ते चित्रांसह असते. आपल्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा सदरा काढताना ठिणग्या उडतात. तीच स्थिर वीज चीपेला मारक. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट राहते, म्हणून खोली ती घ्यावी, मात्र झोतात बसू नये. लोखंडी नळाला हात लावून मग काम सुरू करावे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. झाकण निघाले की बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी. आणि स्क्रू. कागदावर लॅपटॉपचा तळ काढून, जेथला स्क्रू तेथेच त्या चित्रात खोचून ठेवावा, कारण सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. हे आम्ही अनुभवाने सांगतो. एकदा आमच्या हातून लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेला आणि तळहात टेकतो त्या पट्टीवर टेंगूळ आले. कंपनीने ती पट्टी वॉरंटीत बदलून दिली नाही. ते बरोबरच होते. टेंगूळ आमचे होते. पुढे त्याच यंत्राची कळफळी मेली तेव्हा ती मात्र विनामूल्य बदलून मिळाली.

नवी डिस्क बसली, यंत्र सुरू झाले, तरी जुनी डिस्क पुसून विकण्याची घाई करू नये. ती आहे तशीच ठेवावी, निदान लॅपटॉपची वॉरंटी संपेपर्यंत. पुढे पडदा किंवा चार्जिंगची जोडणी बिघडली, तर सेवाकेंद्रास देण्यापूर्वी आपली डिस्क काढून कंपनीची मूळ डिस्क परत घालावी. यात लपवाछपवी नाही; विचारले तर सरळ सांगावे. पण यंत्र मूळ रूपात गेले की बिघाडाचा दोष नव्या डिस्कवर ढकलण्यास जागा उरत नाही, आणि आपल्या चालू फायली परक्या हातीही पडत नाहीत. मूळ डिस्क हरविली असेल तर हा मार्ग बंद.

जुनी जर तबकडीची असेल तर ती जपण्याचे आणखी एक कारण आहे. एस.एस.डी.तील विद्युतभार वीज नसताना हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेने अधिक वेगाने. उत्पादकांच्या मानकाप्रमाणे, लेखनाची मर्यादा गाठलेल्या ड्राइव्हनेही ३० अंश सेल्सियसला वर्षभर माहिती धरावी अशी अपेक्षा असते. नवा ड्राइव्ह पुष्कळ अधिक काळ धरतो. पण चंद्रपुरातले पत्र्याखालचे कपाट मे महिन्यात ३० अंशांवर राहत नाही, तेथे पारा पंचेचाळीशी ओलांडतो. तबकडीवरचे चुंबकीय ठसे असे झिरपत नाहीत. तेव्हा रोजच्या कामाला एस.एस.डी. आणि कपाटात ठेवावयाच्या प्रतीला जुनी हार्ड डिस्क, ही वाटणी आपल्या हवेला मानवते. लॅपटॉपची वॉरंटी संपली की मूळ विंडोज पुसून ती प्रतीसाठी मोकळी करावी. जाड कापडात गुंडाळून, वर तारीख आणि आत काय आहे ते लिहून, घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवावी, आणि दर दिवाळीला एकदा जोडून पाहावी.